बरावाच्या मावशींना

प्रिय मावशी,

हे पत्र मराठीत लिहितेय. लेक ते तुम्हाला इंग्रजीत सांगेल, कारण तिच्या शाळेच्या प्रकल्पामुळेच मी तुमचं दार वाजवलं. 'शेजाऱ्यांचं मूळ गाव' असा विषय होता. तुम्ही मूळच्या सोमालियाच्या, म्हणून मी जमवलेली माहिती म्हणजे युद्ध, दुष्काळ आणि समुद्री चाचे. तुम्ही तो कागद वाचलात, बाजूला ठेवलात आणि वेलदोड्याचा चहा ओतता ओतता म्हणालात, "गावाचं नाव बरावा. आम्ही मीनी म्हणतो."

तीन रविवार तुम्ही आमच्यासाठी बसलात. तुमची चिमीनी भाषा ही सोमाली नव्हे, स्वाहिलीची सख्खी बहीण, हे तिथेच कळलं. पाण्याला 'मायी' म्हणतात, हे ऐकून लेक दिवसभर मायी-मायी करत होती. दादा मसिती हे नाव ऐकून आम्हाला कुणी पुरुषच वाटला! तुमच्याकडे दादा म्हणजे आजी. 1919 मध्ये वारलेल्या या संत कवयित्रीच्या ओळी तुम्ही डोळे मिटून, गुडघ्यावर बोटांनी ताल धरत म्हटल्यात. मला आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या.

1507 ची लूट सांगताना मात्र तुमचा आवाज खाली गेला. बांगड्या आणि कानातलं काढायला वेळ नको म्हणून पोर्तुगिजांनी बायकांचे हात, कान कापले. हे सांगताना तुम्ही स्वतःचं मनगट धरलंत. त्या आरमारात अल्बुकर्क होता. त्यानेच 1510 मध्ये गोवा घेतलं. माझं आजोळ डिचोलीतलं नार्वे. पोर्तुगिजांच्या धाकाने दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदीपार आणला, तो तिथेच. आजोळी हे इतक्यांदा ऐकलंय, पण त्याच माणसांनी आधी तुमचं गाव जाळलं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

1991 बद्दल आम्ही विचारलंच नाही. तुम्हीच बोललात. गृहयुद्धात गाव लुटलं गेलं, केनियातल्या मोंबासाकडे निघालेल्या नावेत पाणी संपलं आणि धाकटा भाऊ सारखा 'मायी' मागत होता. त्यानंतर लेकीने तो शब्द गमतीत म्हटलेला नाही.

मावशी, जे आठवणंही जड जातं, ते तुम्ही एका दहा वर्षांच्या मुलीसाठी आठवलंत. त्यासाठी मनापासून आभार. तिने हाताने नकाशा काढलाय. बरावा लाल शाईने, खाली बारीक अक्षरात मीनी. शाळेतून परत मिळाला की तो तुमचा.

तुमची शेजारीण