दानपेटीची गोष्ट सांगून गेलेल्या लेकीस

सौ. चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथे लिहीत नाही. तसं वहिनींनी बजावूनच ठेवलं आहे. पण ज्या ३१२ शेतकऱ्यांचे कापसाचे पैसे यंदा नीट खात्यात पडले, त्यातल्या निम्म्यांना तू नेमकं काय केलंस ते अजून माहीत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे.

आमच्या शेतकरी कंपनीचा हिशेब मी पाहतो, हे तुला ठाऊकच आहे. यंदाच्या खरेदीदाराची अट होती: शेतकऱ्यांची नावं, आधार, खाते क्रमांक, सातबारा-पासबुकाचे फोटो, सगळं एसएफटीपीनं, म्हणजे रस्त्यात कोणी वाचू नये अशा झाकलेल्या जोडणीवरून पाठवायचं, आणि फाइल पीजीपी नावाच्या पद्धतीनं एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद हवी. त्याआधी आम्ही हेच ईमेलनं, कधी व्हॉट्सॲपवर धाडत होतो. आज आठवलं की अंगावर काटा येतो. एका माणसाला बोलावून विनएससीपी हा एसएफटीपीनं फाइल पाठवायचा प्रोग्राम बसवून घेतला. तो पैसे घेऊन गेला, आणि पुढचे चार दिवस मी फाइल पाठवत होतो आणि पलीकडून एकच उत्तर येत होतं, फाइल खराब आहे, उघडत नाही. संक्रांत तोंडावर आलेली. ऑफिसच्या पायरीवर माणसं येऊन बसायची. कोणी बोलत नसे, पण त्यांच्याकडे पाहायची माझी हिंमत होत नव्हती.

तू तेव्हा दीड महिन्याची बाळंतीण. वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, बाळंतिणीच्या डोयाले ताण नका देऊ." मी मागे फिरलो होतो. तूच आतून हाक मारलीस, "काकाजी, स्क्रीन तुम्ही पाहा. तुम्ही वाचा, मी ऐकते." त्या एका वाक्यानं माझं काम झालं. लॅपटॉप तुझ्या हातात गेला असता तर तू दहा मिनिटांत सगळं करून दिलं असतंस, आणि मी होतो तिथेच राहिलो असतो.

पहिल्याच संध्याकाळी दुखणं सापडलं. ट्रान्सफर सेटिंगमध्ये काय आहे, असं तू विचारलंस. मी वाचलं, "टेक्स्ट." तू म्हणालीस, "तेच." टेक्स्ट मोडमध्ये प्रोग्राम ओळींच्या शेवटची चिन्हं समोरच्या मशीनला चालतील तशी बदलून देतो. साध्या मजकुराला त्यानं बाधत नाही, पण एन्क्रिप्ट केलेल्या फाइलचा एक बाइट हलला तरी ती उघडत नाही. बायनरी केलं, विषय संपला. चार दिवस शेतकऱ्यांना ताटकळत ठेवणारी गोष्ट एका टिचकीची होती.

तू मात्र तिथे थांबली नाहीस. खरेदीदाराच्या सर्व्हरला, म्हणजे फाइल घेणाऱ्या मशीनला, आपली ओळख पटवणारी किल्ली कुठून आली, असं विचारलंस. त्या माणसानं ती स्वतः बनवून मला ईमेलनं धाडली होती, फक्त आपल्याजवळ ठेवायच्या प्रायव्हेट किल्लीसकट. तू पहिल्यांदाच आवाज चढवलास, "काकाजी, ती किल्ली गेली असंच समजा. नवीन करा." मग पुटीजेन हा किल्ल्या बनवायचा प्रोग्राम उघडून ईडी२५५१९ हा किल्लीचा प्रकार निवडला. कोऱ्या जागेवर माउस फिरवत राहा, असं स्क्रीनवर आलं. मी माउस फिरवतो आहे, तू पाळण्याची दोरी ओढते आहेस, आणि शेगडीचा धूर खोलीभर. त्या हलण्यातूनच किल्लीला लागणारा, कोणालाच अंदाज येणार नाही असा बेभरवशीपणा मिळतो, हे तू सांगितलंस तेव्हा मला ते फार खरं वाटलं. कोणालाही देता येणारी पब्लिक किल्ली खरेदीदाराला पाठवली. प्रायव्हेट किल्ली पासफ्रेज, म्हणजे लांबसा पासवर्ड, घालून माझ्याजवळ ठेवली. पासफ्रेज टाइप करताना तू तोंड भिंतीकडे फिरवून बसलीस.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मी आता सगळ्यांना सांगत असतो. नवीन जोडणी करताना चौकट आली: सर्व्हर अनोळखी आहे, पुढे जायचं का? मी यस दाबणारच होतो, तोच तू म्हणालीस, "थांबा. आपल्या मारुतीच्या देवळात दानपेटी आहे ना? टाकता कोणालाही येतं, काढता फक्त किल्लीवाल्याला. पण उद्या कोणी देवळाबाहेर दुसरीच पेटी मांडून बसला तर?" ती पेटी आपलीच, हे ताडून पाहायला त्या चौकटीत सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरांची रांग, दिलेला असतो. तू करारनाम्यावरचा नंबर लावायला लावलास, ईमेलातला नव्हे. पलीकडचा माणूस आणि मी एकेक अक्षर वाचत बसलो, कॅपिटल के, स्मॉल एम, सात. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा तू म्हणालीस, "आता दाबा."

दानपेटीनंच पुढचंही समजलं. क्लिओपात्रा या पीजीपीच्या प्रोग्राममध्ये खरेदीदाराच्या पब्लिक किल्लीनं फाइल बंद केली आणि नंतर मलाच ती उघडेना. पेटीत टाकलेलं टाकणाऱ्यालाही काढता येत नाही. म्हणून आता फाइल कोणाकोणाला उघडता यावी त्या यादीत स्वतःलाही धरतो. एसएफटीपी असताना वर पीजीपी कशाला, हा माझा प्रश्न तुला आवडला होता. एसएफटीपी म्हणजे झाकलेली बंडी. माल रस्त्यात कोणाला दिसत नाही, पण मुक्कामी ताडपत्री निघाली की उघडा. पीजीपी म्हणजे बंडीतली कुलूपबंद पेटी, जी मालकाच्या घरातच उघडते. आणि जुन्या एफटीपीत तर पासवर्डसुद्धा उघडाच जातो. १९९५ मध्ये फिनलंडच्या एका विद्यापीठात नेटवर्कवरून असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे एसएफटीपी ज्यावर चालतं ती झाकलेली जोडणी, लिहिलं, आणि आपली फाइल जाते ती त्याच २२ नंबरच्या पोर्टावरून, हेही तूच बाळाला थोपटता थोपटता सांगितलंस.

फोटोंची मोठी झिप जाताना मधेच लाइन गेली, तेव्हा मी घाबरून तुझ्याकडे धावत आलो होतो. सर्व्हरवर फाइलपार्ट नावानं अर्धी फाइल पडलेली होती. वीज आल्यावर "रिझ्यूम" दाबलं आणि राहिलेली तेवढीच गेली. आपल्याकडे दिवसातून किती वेळा लाइन जाते ते तुला सांगायला नको. तो पर्याय चालू ठेवा असं तू म्हणाली होतीस, तो आजही चालू आहे.

पैसे संक्रांतीच्या आदल्या दिवशी पडले. पायरीवर बसणाऱ्या एका माउलीनं पासबुक माझ्यापुढे धरलं आणि नुसतं बोटानं दाखवलं. तिला तुझं नाव सांगितलं आहे. इथे लिहिलं नाही, तिला मात्र सांगितलं.

होळीनंतर तू सासरी गेलीस. जाताना माझ्या वहीत लिहून दिलेलं पान तसंच आहे: किल्लीची मुदत संपायची तारीख, रिव्होकेशन सर्टिफिकेट (किल्ली रद्द करायचा दाखला) कपाटात वेगळ्या पाकिटात, पेनड्राइव्हवरची प्रत दुसऱ्या घरी. सगळं जागच्या जागी आहे. मागच्या आठवड्यात खरेदीदारानं सर्व्हर बदलला, पुन्हा तीच चौकट आली, आणि मी तुला फोन न करता करारनाम्यावरच्या नंबरावर अर्धा तास अक्षरं जुळवली. हे तुला कळवायचंच होतं.

सुताराकडे बाळासाठी सागाचा लाकडी नंदी करायला टाकला आहे. चाकं बसवायची राहिली आहेत. तान्ह्या पोळ्याला त्याला घेऊन ये.

तुझे काकाजी