‘अगेन, अगेन’नंतरची फिल्म कुठे गेली?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘टेलिटबीज’ मालिकेचे भाग कापून दाखवल्याबद्दल तक्रार व वर्गणी परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या ॲपची वर्षभराची वर्गणी मी माझ्या अडीच वर्षांच्या नातीसाठी भरली आणि तीही टेलिटबीज या चिमुरड्यांसाठीच्या इंग्रजी मालिकेच्या जुन्या भागांसाठी. जाहिरातीत ‘मूळ मालिका, संपूर्ण भाग’ असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. भाग संपूर्ण नाहीत. मूळचा भाग पंचवीस मिनिटांच्या आसपासचा असतो, तुमच्याकडे तो वीस मिनिटांच्या आतच आटोपतो.

काय कापलंय तेही सांगते. भिंगरी फिरते, चौघं टेलिटबीज धावत टेकडीवर येतात, डोक्यावरचे अँटेना चमकतात आणि कोणातरी एकाच्या पोटावरच्या पडद्यावर खऱ्या मुलांची छोटी फिल्म लागते. फिल्म संपली की चौघं ओरडतात, ‘अगेन, अगेन!’ आणि तीच फिल्म पहिल्यापासून पुन्हा लागते. तुम्ही ही दुसरी वेळ काढून टाकली आहे. गंमत म्हणजे ओरडणं तसंच ठेवलंय. म्हणजे टिंकी विंकी, डिप्सी, ला-ला आणि पो नाचून नाचून मागतात आणि पुढच्याच क्षणाला थेट घरात कस्टर्ड खाताना दिसतात. पोर माझ्या तोंडाकडे बघतं.

तुमच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की ‘पुनरावृत्ती होणारा मजकूर वगळून पाहण्याचा अनुभव अधिक चांगला केला आहे.’ कोणासाठी चांगला केला? मी बरीच वर्षं बालवाडीवर शिकवलं आहे. चिऊताईची गोष्ट सांगताना कावळ्याने एकदाच दार वाजवलं आणि चिऊने लगेच उघडलं, असं सांगून बघा. वर्गातली एक चिमुरडी उठून तुम्हाला दुरुस्त करेल. बाळाला आंघोळ, मग पावडर, मग काजळ, हे सगळं व्हायलाच हवं. या वयाचं मूल पहिल्यांदा नुसतं बघतं. दुसऱ्यांदा त्याला पुढे काय येणार ते ठाऊक असतं, मग ते आधीच बोट दाखवतं, शब्द बोलतं, टाळी वाजवतं. आमच्या घरचं सगळं बोलणं त्या दुसऱ्या फेरीत व्हायचं. (पूर्वी माझ्या मुलाच्या घरी हे भाग पूर्ण बघितले आहेत, म्हणून एवढ्या खात्रीने लिहिते आहे.)

मालिका करणाऱ्यांनी हे चुकून केलेलं नाही. मालिकेच्या निर्मात्या ॲन वुड स्वतः शिक्षिका होत्या आणि त्यांचे सहनिर्माते अँड्र्यू डेव्हनपोर्ट वाचाशास्त्र शिकलेले. 1997 मध्ये बीबीसीवर मालिका आली तेव्हा ‘हे बोबडं बोलणं मुलांना बिघडवेल’ अशी ओरड इंग्लंडात झालीच होती, तरी त्यांनी बोबडं बोलणंही ठेवलं आणि दोनदा दाखवणंही. हिरवळीवरचे ससेसुद्धा मुद्दाम आडदांड जातीचे आणले होते; टेलिटबीजचे पोशाख एवढे अवाढव्य की साधे ससे त्यांच्यापुढे दिसलेच नसते. सशांपर्यंत विचार केलेल्या मालिकेला तुमच्याकडे कोणीतरी ‘हे तर आधी येऊन गेलं’ म्हणून कात्री लावली.

दुसरी तक्रार शेवटाबद्दल. बाळाच्या चेहऱ्याचा सूर्य मावळतो, चौघांतला एकेक जण बाय-बाय करतो आणि घराच्या छपरावरच्या भोकातून आत उडी मारतो. नेमक्या त्याच वेळी तुमचा ‘पुढचा भाग’ असा चौकोन अर्धा पडदा व्यापतो आणि काही सेकंदांत नवा भाग आपोआप सुरूही होतो. बाय-बाय झालं की टीव्ही बंद, हा आमच्याकडचा नियम मालिकेनेच लावून दिला होता. तो तुम्ही मोडलात आणि रोज रडारड मी ऐकते. आपोआप सुरू होणं बंद करायची सोय सेटिंगमध्ये सापडली नाही; चॅटवर त्याबद्दल विचारलं, तर ‘सूचनेबद्दल धन्यवाद’.

माझ्या मागण्या अशा : भाग मूळ लांबीचे करून द्यावेत, लहान मुलांच्या विभागात पुढचा भाग आपोआप सुरू होऊ नये, आणि हे जमणार नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करावी व जाहिरातीतला ‘संपूर्ण’ हा शब्द काढावा. वर्गणीच्या बदल्यात कूपन नको, आधीच सांगते.

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत कळवायचा असतो. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. वर्गणीची पावती, जाहिरातीचा फोटो आणि चॅटवरची उत्तरं सोबत जोडली आहेत. उत्तर मराठीत द्यावं, आणि कृपया माणसाने लिहिलेलं.

आपली,
एक वर्गणीदार आजी
(निवृत्त बालवाडी शिक्षिका), सातारा