'मेल पाठवला होता' एवढ्याने काम होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका विद्यापीठातील विभागाच्या कार्यालयात मी गेली १९ वर्षे काम करते. विद्यार्थ्यांचे अर्ज, दाखले, परीक्षेचे फॉर्म माझ्याच टेबलावरून पुढे जातात. गेल्या महिन्यात जे पाहिले ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज घेऊन आली. मुदत संपून तीन दिवस झाले होते. संबंधित कक्षाला फोन लावला, तर उत्तर आले, "मेल सगळ्यांना पाठवला होता." या मुलीला दिसत नाही. फोनमधला आवाज मेल वाचून दाखवतो आणि ती ऐकते. मी तिच्या शेजारी बसले आणि दोघींनी मिळून तो मेल शोधला. त्या एका दिवशी तिला विद्यापीठाकडून २३ मेल आले होते. एकाच व्याख्यानाचे निमंत्रण तीन विभागांनी वेगवेगळे पाठवलेले. ज्या वसतिगृहात ती राहतही नाही, तिथली पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना. त्यानंतर एक मेल, विषय फक्त 'सूचना'. आत एकच ओळ: 'सोबतचे परिपत्रक पाहावे.' परिपत्रक म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचे स्कॅन. फोनमधला आवाज "प्रतिमा" एवढे म्हणाला आणि थांबला. मुदतीची तारीख तिसऱ्या पानावर होती. ती मला दिसली. तिने तो मेल शंभर वेळा उघडला असता, तरी तिला ती ऐकू आली नसती.

त्या कक्षाने खोटे सांगितले नव्हते. मेल गेला होता, पण मुलीला कळले काहीच नव्हते.

यात एकट्या कर्मचाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. वरून कागद येतो, त्यावर 'सर्वांना पाठवावे' असा शेरा असतो. नेमका कोणाशी संबंध आहे हे पाहून यादी करायची, तर अर्धा दिवस जातो आणि त्यात एखादे नाव सुटले तर खुलासा आपल्याला द्यावा लागतो. सगळ्यांना पाठवले की कोणी विचारत नाही. मीही असे मेल पाठवले आहेत. पाठवणाऱ्याचे काम दहा सेकंदांत होते. पण १२ हजार जणांनी तो मेल उघडून 'हे आपल्यासाठी नाही' असे ठरवायला प्रत्येकी २० सेकंद घालवले, तर ६६ तासांहून अधिक वेळ जातो. तो कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

याचा दुसरा परिणाम कमी लोकांच्या लक्षात येतो. वैतागलेले विद्यार्थी विद्यापीठाचे मेल सरळ 'स्पॅम' म्हणून नोंदवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या, म्हणजे हजारात तिघांच्या, खाली राहिले पाहिजे. ते वाढले की त्याच संस्थेच्या पत्त्यांवरून येणारे इतर मेलही स्पॅममध्ये जाऊ लागतात. व्याख्यानांच्या निमंत्रणांना कंटाळून केलेल्या तक्रारीपायी उद्या कोणाचे परीक्षेचे वेळापत्रक स्पॅममध्ये जाऊन पडेल.

आणि चूक झाली तर तीही सगळ्यांपर्यंत पोहोचते. २००९ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून प्रवेश नाकारलेल्या सुमारे २८ हजार अर्जदारांना प्रवेशाबद्दल अभिनंदन करणारा मेल गेला. विद्यापीठाने नंतर माफी मागितली, पण त्या घरांत काय झाले असेल याची कल्पना करवत नाही. आमच्याकडे इतके मोठे काही घडलेले नाही. मात्र सगळ्यांचे पत्ते उघड ठेवून मेल गेला, एकाने 'रिप्लाय ऑल' करून 'माझे नाव काढा' लिहिले आणि मग दिवसभर 'माझेही काढा' येत राहिले, हे मी दोनदा अनुभवले आहे. दुसऱ्या वेळी त्या गर्दीत एका मुलाने स्वतःच्या आजारपणाची माहितीही चुकून सर्वांना पाठवली. तो नंतर आठवडाभर वर्गात आला नाही.

उपाय खर्चिक नाहीत. संपूर्ण विद्यापीठाला मेल पाठवण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींकडेच असावा आणि 'हा सर्वांना का?' असे विचारण्याची मुभा त्यांना असावी. अनेकांना एकत्र मेल पाठवायच्या यादीवर कोणी उत्तर दिले, तर ते फक्त मूळ मेल पाठवणाऱ्याकडे जावे. अशी यादी चालवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. कार्यक्रम, स्पर्धा, निमंत्रणे आठवड्यातून एकदा एकाच मेलमध्ये द्यावीत आणि ज्याला ती नकोत त्याला नाव काढून घेता यावे. परीक्षा, शुल्क, शिष्यवृत्ती यांचे मेल मात्र ज्यांचे आहेत त्यांनाच जावेत आणि अंतिम तारीख विषयाच्या ओळीतच असावी. आग, वादळ, ऐनवेळी रद्द झालेला पेपर यांसाठी वेगळी व्यवस्था हवी. ती इतर कशासाठीही वापरू नये, नाहीतर तिच्याकडेही लोक काणाडोळा करू लागतील.

सर्वांत आधी एक गोष्ट करावी: परिपत्रकाचा मजकूर मेलमध्येच टाइप करावा. सही-शिक्क्याची प्रत खुशाल सोबत जोडा. त्या दिवसापासून मी आमच्या विभागात येणारे प्रत्येक परिपत्रक स्वतः टाइप करून पुढे पाठवते. एका परिपत्रकाला दहा-पंधरा मिनिटे लागतात. असे विभाग अनेक आहेत. जिथून परिपत्रक निघते तिथेच ते एकदा टाइप झाले, तर प्रत्येकाला वेगळे बसावे लागणार नाही.

त्या मुलीचा अर्ज विभागप्रमुखांच्या पत्रासह वर पाठवला आहे. उत्तर आलेले नाही. ती दर सोमवारी येऊन विचारून जाते.

आपली,
विद्यापीठातील एक कार्यालयीन कर्मचारी