रानातल्या शिल्पांची देखभालही हवी

संपादक महोदय,

रानात कलाकृती उभारून घेणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत मी वर्षभर काम केले. शिल्प नेऊन ठेवले की झाले, असे अनेकांना वाटते. आमचे निम्मे वर्ष झाडांची मुळे आणि पक्ष्यांची वीण सांभाळण्यातच गेले. शिवाय लाकूड कुजतेच; शेवाळ खरवडले की खालचा भुगा बोटाला लागतो, तेव्हा जीव तुटतो. इंग्लंडच्या फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये १९८६ साली उभारलेली महाकाय लाकडी खुर्ची लोकांची लाडकी होती, तरी २०१५ मध्ये ती उतरवावी लागली. देणगीदार नव्या शिल्पाला हौसेने पैसे देतात, देखभालीला मात्र हात आखडतात. कृपया त्यासाठीही द्या.

– एक कार्यकर्ती