ठेल्याचं मी नाही म्हणालो, त्याबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

परवा फोनवर बाबा ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवून दिला. ते ‘बरं’ मी लहानपणापासून ओळखतो, म्हणून पत्र लिहितो आहे. फोनवर काही धड होत नाही. आई मधेच रडते, आणि नको ते निघालं की बाबांना ऐकू येत नाही.

ठरलं ते ठरलं. कपाशीचा शेवटचा वेचा होऊन उलंगवाडी झाली की गावी येऊन पानठेला सांभाळायचं आपलं बोलणं होतं, ते मी करणार नाही. बुटीबोरीचीच नोकरी धरून राहतो. बाबा, यात ठेल्याला कमी लेखणं नाही. माझी आयटीआयची फी, ताईचं लग्न, आईचं ऑपरेशन, सगळं त्या चार फळ्यांनीच निभावलं. आणि तुम्ही मला कधी खर्रा दिला नाही, हेही लिहून ठेवतो. तुम्ही जेवायला घरी गेलात की मी चोरायचो. तुमच्याकडे बोट नाही.

पण मला तिथं बसवणार नाही. खर्ऱ्यासाठी सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायला लागलं की जो वास सुटतो, त्याला मी अजून भितो. कंपनीच्या गेटवर झडती होते. पाळी सुटेपर्यंत देव आणि सिक्युरिटीवाला दोघं मिळून मला सांभाळतात. ठेल्यावर मला कोण सांभाळेल? तिथं तर घोटणारा मीच असणार. पगाराचं विचाराल, तर इथला महिना ठरलेला आहे. ठेल्याचं कपाशीवर असतं. गावात पैसा आला तर गल्ल्यात येणार. तुमच्या सुनेचंही शिवणकाम इथं बसलं आहे. कारणं बरीच आहेत, पण खरं कारण तो वास.

नागपूरला मेडिकलच्या आवारातल्या डेंटल कॉलेजात तोंड दाखवून आलो. आई, घाबरू नको, गाठ नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होते, मग तोंड पुरतं उघडत नाही आणि तिखट झोंबतं. गेलेली लवचिकता सगळी परत येत नाही, पण पुढं वाढू नये म्हणून सुपारी सुटलीच पाहिजे. पुढं कॅन्सरची भीती असते, म्हणून वेळोवेळी दाखवत राहायचं आहे, आणि मी दाखवतो. जेवण व्यवस्थित आहे. वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकर, बिनतिखटाचं बेसन. अंगही भरलं आहे.

आता आई म्हणेल, माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग. तेवढं मागू नको, माय. तुझ्या डोक्यावर, पवित्र शास्त्रावर, आजीच्या कबरीवर, सगळीकडे शपथा घेऊन झाल्या. शपथेनंतर थोडे दिवस मी मान वर करून फिरायचो, मग एखाद्या संध्याकाळी पन्नी पुन्हा खिशात. त्यात लाज अशी, की रविवारी उपासनेला जायचं टाळायचो. उपासना चुकली की खर्रा वाढायचा.

हे इथल्या पाळकसाहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, येशूचा शिष्य पेत्र, त्याचं प्रकरण वाचायला दिलं. दर उत्तम शुक्रवारी आपण ते ऐकतो आणि मला कधी दिसलं नव्हतं. मत्तय 26 मध्ये पेत्र छातीठोक सांगतो, बाकीचे अडखळले तरी मी अडखळणार नाही. आणि कोंबडा आरवायच्या आत शपथ वाहून येशूला नाकारतो. मग योहान 21 मध्ये सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासळी भाजलेली आहे, आणि येशू त्याला तीनदा विचारतो. पुन्हा नाकारशील का, हे विचारत नाही. माझ्यावर प्रीती आहे का, एवढंच. आणि दरवेळी आपली मेंढरं सांभाळायचं काम सोपवतो. शपथ घालतच नाही!

म्हणून मीही आता ‘सोडलं’ म्हणत नाही. पाळीला निघण्याआधी गुडघे टेकतो आणि म्हणतो, प्रभू, आजच्या दिवस हे तोंड तुझं. उद्याचं उद्या. मधे घसरलोही. पण या खेपेला त्याच रविवारी उपासनेला गेलो, सगळ्यांबरोबर पापांगीकार म्हटला, प्रभुभोजन घेतलं. आधी मी शुद्ध होऊन देवाकडे जाऊ बघायचो. आता जसा आहे तसा जातो. प्रार्थना आहे म्हणून औषध नको, असं पाळकसाहेब म्हणत नाहीत. तंबाखू सोडवायचा सरकारी टोल फ्री नंबर, 1800-11-2356, त्यांनीच लिहून दिला.

आणि गंमत सांगू? डॉक्टरांनी दिवसातून बऱ्याचदा आ करून तोंड ताणायला सांगितलं आहे. मी भजनातच तो व्यायाम करतो. वरचा सूर लागत नाही, पेटीवाला हसतो, तरी मला पुढं बसवतात.

बाबा, कवी रेव्हरंड टिळकांची गोष्ट तुम्हीच सांगायचे. राजनांदगावच्या गाडीत साहेबानं नवा करार हाती दिला, तरी बाप्तिस्म्याला 1895 उजाडलं, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना 1900. माझ्यासाठीही थोडा दम धरा. ठेल्याखाली पोत्यावर झोपलेल्या मला तुम्ही रात्री खांद्यावर घालून घरी न्यायचे. मी जागा असायचो. मुद्दाम डोळे उघडत नसे.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदू आणखी पिकू द्यायचा नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी घेऊन जातो, सुट्टी टाकली आहे. तोवर डोळ्यात मध घालायचा नाही, काकू काहीही सांगोत. आई, सिलिंडर भरून दिला आहे, तर पऱ्हाटी पेटवून चूल फुंकत बसू नको, आणि बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडू नको. कूलरची वाळ्याची जाळी मी आल्यावर बदलतो, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. ठेला मामाच्या पोराला भाड्यानं द्या किंवा तुम्हीच दुपारपर्यंत बसा. खर्रा काढून टाका असं म्हणणार होतो; ते तुमचं तुम्ही ठरवा. पैसे दर महिन्याला आईच्या खात्यात येतील, कमी पडले तर सांगायचं.

पुनरुत्थानाच्या सणाच्या, ईस्टरच्या, आदल्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं आम्ही तिघं येतो. पहाटे कबरस्तानात जायला बाबांचा कोट धुऊन ठेव. कोंबडीचा रस्सा कर, फक्त माझ्यापुरता तिखट घालायच्या आधी काढून ठेव.

तुमचा,
बाळू