उज्जैनच्या सावलीसाठी पुन्हा एकदा आपल्या दारी

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या मुलांची उज्जैन सहल यंदा तरी निघावी म्हणून हे पत्र. मागच्या वर्षी ती निघाली नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पुढे एका ओळीत लिहिणारच आहे.

पहिली सहल निघाली ती आपल्या घड्याळदुरुस्तीवाल्या काकांमुळे. दुकान मुलाच्या हवाली केलं त्या दिवशी ते थेट वाचनालयात आले, टेबलावर पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "माझा जन्म काटे बसवण्यात गेला, पोरांना बिनकाट्याचं घड्याळ दाखवून आणा." त्या सहलीचा पै न् पै खर्च त्यांनी केला. आज काका नाहीत, त्यांचं भिंग मात्र आपल्या काचेच्या कपाटात आहे. दुसऱ्या वर्षी शाळेतल्या निवृत्त बाईंनी एका महिन्याची अख्खी पेन्शन दिली. पावतीवर नाव घालू दिलं नाही, म्हणून इथेही घालत नाही, पण कळायचं त्यांना कळेल. गिरणीवाल्या भावांनी वाटेचा शिधा दिला. टेलरमामांनी उरलेल्या कापडातून सगळ्यांना टोप्या शिवून दिल्या, प्रत्येक टोपी वेगळ्या रंगाची. गर्दीत मुलं हरवली नाहीत ती त्या टोप्यांमुळे, हे मी आजही मानतो.

आता, काय बघायला जायचं ते. जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. मथुरेची तर नामशेषच झाली. उज्जैनची मोडकळीला आलेली, ती ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून पुन्हा चालती केली. आपले ज्योतिषगणिती गोविंद सदाशिव आपटे तिथे अधीक्षक होते, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? तिथलं सम्राट यंत्र म्हणजे दगडी सूर्यघड्याळ. मधोमध जिन्याची तिरकी भिंत, तिचा उतार उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे २३ अंशांहून थोडा जास्त. त्यामुळे भिंतीची कड नेमकी ध्रुवाकडे रोखलेली. दोन्ही बाजूंना कमानीसारखे वळलेले पाखे, त्यांवर तासा-मिनिटांच्या खुणा. सकाळी सावली एका पाख्यावर, दुपारनंतर दुसऱ्या. दोन मिनिटं टक लावून उभं राहिलं, की सावली सरकताना डोळ्यांना दिसते.

पहिली सहल फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होती. सातवीतल्या एका मुलीनं सावली वाचली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं जाहीर केलं, "सर, राजाचं घड्याळ एक्केचाळीस मिनिटं मागं आहे!" सगळे हसले. तिथे वेळ दुरुस्तीचा तक्ता लावलेला आहे, तो वाचल्यावर हसू थांबलं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सत्तावीस मिनिटं तिथेच गेली. उरलेली चौदा पृथ्वीच्या कललेल्या आसाची आणि लंबगोल कक्षेची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोच फरक जेमतेम अकरा मिनिटांवर येतो. वर्गात हा धडा मी तीनदा शिकवला होता, कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता. तिथे दहा मिनिटांत शिरला.

परत आल्यावर मुलांनी वाचनालयाच्या गच्चीवर लाकडी सूर्यघड्याळ केलं. त्याला मी उज्जैनचाच कोन देऊन बसलो! आपलं गाव तिथून बरंच दक्षिणेला, त्यामुळे मध्यान्ह बरोबर, पण सकाळ-संध्याकाळ काही मिनिटं इकडेतिकडे. चूक त्याच मुलीनं काढली. सुतारदादांनी पट्टी पुन्हा तासून दिली, एक पैसा न घेता.

यंदा उज्जैनबाहेरही एक दिवस ठेवला आहे. क्षिप्रेकाठचा कालियादेह महाल, मांडूच्या सुलतानांच्या काळातला. नदीचं पाणी दगडी पन्हाळींतून कुंडांमध्ये खेळवलेलं, ते मुलांना दाखवायचंच. पुढे शेतांमधून महिदपूरकडे. २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली, ती इथेच. जवळच कर्कवृत्तावरचं डोंगला गाव आणि तिथली वेधशाळा. २१ जूनला दुपारी बारा अठ्ठावीसच्या सुमारास इथे उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपण फेब्रुवारीत जाणार, तेव्हा तो चमत्कार दिसणार नाही, पण कर्कवृत्तावर उभं राहून फोटो तर काढता येईल.

आता सहल का राहिली, ती ओळ. गेल्या वर्षी घरोघरी पत्रं दिली, उत्तरं बोटांवर मोजण्याइतकी आली आणि त्याच महिन्यात मिरवणुकीच्या डीजेला वर्गणी कमी पडली नाही. राग नाही. नोंद ठेवतो, इतकंच.

तपशील घाईत लिहितो, सांभाळून घ्या. मुलं चाळीस, सोबत मोठी माणसं पाच. त्यांत मुलींसाठी दोन महिला हव्यात, अजून एकच ठरली आहे. माणशी खर्च अडीच हजार. पालक हजार देतील, बाकीचे आपण उभे करायचे, म्हणजे चाळीस मुलांचे साठ हजार. मोठी माणसं स्वखर्चानं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि प्रवास फेब्रुवारीत, तेव्हा रक्कम १० डिसेंबरच्या आत हातात हवी, नंतर आलेल्या पैशांतून तिकिटं मिळत नाहीत. पूर्ण अडीच हजार देणाऱ्यांमुळे एखाद्या मुलाचे पालकांचे हजारही वाचतील, अशी तीन-चार मुलं आहेत, नावं विचारू नयेत. शंभर रुपयेही चालतील. पावती जागेवर मिळेल, आयकराची सवलत मात्र नाही, कृपया तिथे अडू नये. जुनं होकायंत्र, दुर्बीण, प्रथमोपचाराची पेटी असेल तर तीही द्या, परत मिळेल. मी रोज संध्याकाळी सहा ते आठ वाचनालयात असतो, सोमवार सोडून. दार ओढलेलं दिसलं तरी कडी आतून नसते, ढकलून या.

आपला,
चिटणीस