नंदूला पत्र: ग्रुप झाडावर चढतात तेव्हा

प्रिय नंदू,

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितोय, कागद-पेन घेऊन बस.

फ्री ग्रुप तुला आठवतोच, अ आणि ब दोन जनरेटर (यांच्यापासून आणि यांच्या इन्व्हर्सपासून शब्द बनतात, तेच ग्रुपचे एलिमेंट), अ च्या शेजारी त्याचाच इन्व्हर्स आला तर उडतो, बाकी कशानेच काही कॅन्सल होत नाही. त्याचा कुठलाही सबग्रुप (त्याच्या आतच बसणारा ग्रुप) फ्रीच असतो. निल्सननं हे १९२१ ला फायनाइटली जनरेटेड (मोजक्या जनरेटरच्या) सबग्रुपसाठी दाखवलं आणि श्रायरनं १९२७ ला सगळ्यांसाठी. त्या पद्धतीत शब्दांची काटछाट करत जायचं, प्रत्येक पायरी पटते पण हे मुळात खरं का, ते काही दिसत नाही.

१९६८-६९ मधे झां-पिएर सेरनं पॅरिसला कॉलेज द फ्रान्समधे यावर लेक्चर्स दिली. गाभा असा की ग्रुप फ्री असतो म्हणजे तो कुठल्यातरी झाडावर (ठिपके म्हणजे व्हर्टेक्स, रेषा म्हणजे एज, लूप नसलेला जोडलेला ग्राफ, बस) अशी ॲक्शन करू शकतो, म्हणजे प्रत्येक एलिमेंट झाडाला झाडावरच असं हलवतो, की आयडेंटिटी सोडून कोणीही एकही व्हर्टेक्स जागेवर ठेवत नाही आणि कुठली एज उलटी करत नाही. आता सबग्रुप घे. तोही त्याच झाडावर हलतो, त्यातलाही कोणी काही जागेवर ठेवत नाही, म्हणून तोही फ्री. झालं की रे! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून बघितलं, पुढे अजून काही आहे का म्हणून.

आणि मोजणीही फुकट मिळते. अ-ब च्या झाडाला (प्रत्येक शब्द एक व्हर्टेक्स, शेवटी अ किंवा ब लावला की एज) इंडेक्स ३ च्या सबग्रुपनं (ज्याच्या सरकवलेल्या ३ प्रतींनी पूर्ण ग्रुप भरतो) भाग, ३ व्हर्टेक्स आणि ६ एज असलेला ग्राफ उरतो, स्पॅनिंग ट्रीला (सगळे व्हर्टेक्स जोडणाऱ्या आतल्या झाडाला) २ एज लागतात, राहिल्या ४, म्हणजे सबग्रुपला ४ जनरेटर. दोन जनरेटरच्या ग्रुपच्या पोटात चार जनरेटरचा ग्रुप, मला हे अजूनही अद्भुत वाटतं.

पण माझं सगळ्यात लाडकं उदाहरण एसएल-टू-झेड, पूर्णांकांचे २×२ मॅट्रिक्स, डिटरमिनंट १. अप्पर हाफ प्लेनमधे (कॉम्प्लेक्स प्लेनचा वरचा अर्धा भाग) युनिट सर्कलचा i पासून ६० अंशापर्यंतचा तुकडा घे, ग्रुपनं तो सगळीकडे हलव, सगळे तुकडे मिळून झाड होतं! एका टोकाचा स्टॅबिलायझर (त्याला जागेवर ठेवणारे एलिमेंट) ४ चा, दुसऱ्याचा ६ चा, एजचा २ चा, म्हणून हा ग्रुप म्हणजे ४ आणि ६ चे सायक्लिक ग्रुप २ वर चिकटवलेले. फायनाइट ऑर्डरचा (काही वेळा स्वतःशी गुणला की आयडेंटिटी होणारा) एलिमेंट कुठलातरी व्हर्टेक्स धरूनच ठेवतो, त्यामुळे ऑर्डर ५ चा मॅट्रिक्स इथे सापडणारच नाही, एकही मॅट्रिक्स न गुणता कळलं.

३×३ वर गेलास की चित्र पालटतं, तो ग्रुप कुठल्याही झाडावर बसव (एज उलटी न करता), एक व्हर्टेक्स सगळ्यांसाठी स्थिर राहतोच. हेही सेरचंच.

आणि हा विषय आपल्या मुंबईतही जोरात आहे बरं का, टीआयएफआरला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) महान महाराज नावाचे गणितज्ञ आहेत, झाडासारख्या जोडलेल्या हायपरबोलिक स्पेसेसवर त्यांचा १९९८ चा पेपर आहे, तो वाचायचा आपण मिळून, पण सावकाश.

तोवर एवढं कर: फायनाइट ग्रुप झाडावर हलतोय, एजही उलटत नाही, तर एक व्हर्टेक्स स्थिर का? हिंट देतो, एका व्हर्टेक्सची ऑर्बिट (ग्रुप त्याला जिथे जिथे नेतो ते सगळे व्हर्टेक्स) घे, तिला जोडणारं छोटं झाड काढ आणि पानं तोडत जा. जमलं की फोटो पाठव.

तुझा,
पक्या